गिट्टीची जबाबदारी कोणाची?

पावसाळा ओसरला की भंडारा जिल्ह्यात दोन दृश्ये एकाच सुमारास दिसू लागतात. बांध्यांमध्ये धान पिवळे पडू लागते आणि रस्त्यांवरचे डांबर नाहीसे झालेले असते. पहिले दृश्य निसर्गक्रमाचे आहे. दुसरेही आता तसेच मानले जाऊ लागले आहे, आणि खरे दुखणे तेच आहे. गावकरी तक्रार करतात, शाखा अभियंता कंत्राटदाराला नोटीस देतो, कंत्राटदार म्हणतो की गिट्टीच खराब आली, खाणवाला म्हणतो की ज्या भावात मागितली त्या भावाची दिली. आणि अखेरीस सर्वजण मिळून पावसाला दोषी ठरवतात. पावसाला प्रतिवाद करता येत नाही, म्हणून प्रकरण तेथेच मिटते. पुढल्या वर्षी त्याच रस्त्याचे नवे अंदाजपत्रक तयार होते.

या दोषारोपांच्या वर्तुळात प्रत्येकजण अंशतः खरे बोलत असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. रस्ता एका माणसाच्या हातून होत नाही. खाणीतला सुरुंग, गिट्टीचा क्रशर, नदीची रेती, तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघालेले डांबर, टिप्परचा चालक, मिश्रणाचा कारखाना, रुळाचा चालक आणि मोजमाप पुस्तकावर सही करणारा अभियंता अशी ती लांबलचक साखळी आहे. शासनाच्या करारात मात्र या साखळीतील एकच कडी दिसते, ती म्हणजे कंत्राटदार. बाकीच्यांचे परस्परसंबंध दूरध्वनीवरच्या बोलण्यावर आणि उधारीवर चालतात. रस्त्याचा दर्जा बहुतेक वेळा या न लिहिलेल्या भागातच हरवतो.

भंडाऱ्याच्या बाबतीत हे हरवणे अधिक महाग पडते, कारण येथील भूमी रस्त्याला क्षमा करणारी नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर व पवनी अशा सात तालुक्यांचा हा जिल्हा उरला. पाऊस सरासरीने बाराशे मिलिमीटरच्या पुढे, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश आहे. रोवणीच्या दिवसांत पाणी बांधीत साठवावेच लागते, आणि कित्येक ठिकाणी रस्त्याचा भराव हाच त्या बांधीचा एक बांध झालेला असतो. म्हणजे रस्त्याच्या पायथ्याशी आठवडेच्या आठवडे पाणी उभे राहते. त्यात दगडाचाही प्रश्न आहे. पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांना काळ्या बेसाल्टचा आधार असतो. भंडारा जिल्ह्याचा मोठा भाग त्या पठाराच्या पूर्वेस, त्याहून कितीतरी जुन्या रूपांतरित खडकांवर वसलेला आहे. या खडकांत सिलिकेचे प्रमाण जेथे अधिक असते, तेथील गिट्टीला डांबर तुलनेने कमी घट्ट धरते आणि पाणी शिरताच ते सुटू लागते. याला उपाय आहेत. डांबरात चिकटपणा वाढवणारी द्रव्ये मिसळता येतात. परंतु त्यासाठी कोणत्या खाणीचा कोणता दगड येणार आहे, हे मिश्रण करणाऱ्याला आधी कळावे लागते. ज्या जिल्ह्यात दगडाची माहिती सर्वांत अधिक आवश्यक, तेथे गिट्टीची मागणी पुष्कळदा ‘वीस मिलिमीटरच्या दहा गाड्या पाठवा’ एवढ्यावरच आटोपते.

दहा गाड्या म्हणजे काय, हे पुरवठादार आणि कंत्राटदार आपापल्या सोयीने समजतात. गिट्टी केवळ आकाराने मोजून चालत नाही. मोठ्या खड्यांमधील पोकळी लहान खड्यांनी, त्यांच्यामधील पोकळी आणखी बारीक चुरीने भरली जावी, तेव्हा थर एकजीव होतो. खडे चपटे आणि लांबट असतील तर ते रुळाखाली मोडतात. खड्यांवर मातीची किंवा भुकटीची पुटे असतील तर डांबर दगडाला न चिकटता धुळीला चिकटते. ग्रामीण रस्त्यावर वरचा डांबरी थर अनेकदा अवघा वीस मिलिमीटरचा असतो. खालचा खडा अस्वच्छ असला तर तो पहिल्याच पावसाळ्यात पापुद्र्यासारखा उचलला जातो. गिट्टीचे डांबराशी जमते की नाही, याची चाचणी काही गूढ नाही. डांबर लावलेली गिट्टी ठरावीक काळ पाण्यात बुडवून ठेवावयाची आणि तिच्यावरचे आवरण किमान ९५ टक्के टिकते की नाही हे पाहावयाचे. एका दिवसाचे हे काम रस्ता होण्यापूर्वी झाले तर लाखोंचा निधी वाचतो. रस्ता झाल्यानंतर झाले तर केवळ फाइलीची जाडी वाढते.

तपमानाचेही तसेच आहे. गरम डांबरी मिश्रण कारखान्यातून निघते तेव्हा साधारण दीडशे ते एकशेपासष्ट अंश सेल्सियस असावे लागते, आणि ते नव्वद अंशांपर्यंत उतरण्यापूर्वी रुळाखाली दाबून व्हावे लागते. मिश्रणाची गाडी वाटेत थांबली, रूळ बिघडला, पुढच्या गाडीला उशीर झाला, तर रस्त्यावर पडते ते केवळ काळ्या रंगाचे दगड. कारखान्यातून गाडी कधी निघाली आणि जागेवर कधी पोहोचली, या दोन वेळा एका चिठ्ठीवर लिहिल्या जाव्यात, इतकी साधी व्यवस्था येथे हवी आहे. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यांचीही गोष्ट वेगळी नाही. तयार काँक्रीट भरल्यापासून दोन तासांच्या आत उतरवले गेले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. काटा सरकत गेला की पाणी ओतून ते पातळ करण्याचा मोह होतो, आणि त्या पाण्याबरोबर ताकदही वाहून जाते.

दोनशे वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये जॉन लाउडन मॅकॅडम याने रस्तेबांधणीची जी पद्धत रूढ केली, तिचे नाव आजही आपल्या अंदाजपत्रकांत ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’ म्हणून झळकते. त्याच्या पद्धतीचे नाव आपण घेतले, तिचा आत्मा घेतला नाही. सहा औंसांपेक्षा जड दगड रस्त्यावर पडता कामा नये, असा त्याचा दंडक होता आणि देखरेख करणाऱ्यांजवळ त्यासाठी तराजू असे. दगडाची परीक्षा तो पसरण्यापूर्वी, ढिगाजवळच, होत असे. आपल्याकडे प्रयोगशाळा आल्या, संगणक आले, पण परीक्षेची जागा ढिगाकडून देयकाकडे सरकली.

असे का झाले, याचे उत्तर माणसांच्या नीतिमत्तेत शोधणे सोपे आहे आणि अपुरेही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक मर्मग्राही सिद्धांत मांडला. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तूचा खरा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर घेणारा सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल परवडत नाही, म्हणून चांगला विक्रेता बाजारातून बाजूला होतो आणि सरासरी आणखी खाली येते. गिट्टीच्या आणि रेतीच्या बाजारात हेच घडते. जो क्रशरवाला चाळण्या वेळेवर बदलतो, गिट्टी धुतो, माती वेगळी करतो, त्याचा खर्च वाढतो. त्याच्या मालाला मात्र मातकट गिट्टीएवढाच भाव मिळतो. प्रामाणिकपणाची अशी शिक्षा देणारा बाजार काही वर्षांनी अप्रामाणिकांच्याच हाती उरला, तर त्यात नवल ते कोणते?

या बाजारावर वरून निविदेचा दाब येतो. स्पर्धेच्या नावाखाली अंदाजपत्रकापेक्षा बरेच कमी दर भरून काम पदरात पाडून घेण्याची चढाओढ चालते. अशा वेळी जादा अनामत घेण्याचा नियम शासनाने केला, परंतु कमी केलेले पैसे कोठून भरून काढले जाणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. डांबराचे दर तेल कंपन्या ठरवतात, तेथे घासाघीस चालत नाही. यंत्राचे भाडे आणि डिझेलचा खर्च टळत नाही. मग उरतात गिट्टी, मुरूम आणि मजुरी. म्हणजे वरची प्रत्येक टक्क्याची सूट अखेर खाणवाल्याच्या दरावर, थराच्या जाडीवर किंवा मजुराच्या रोजावर येऊन आदळते. पोटकंत्राटदार मध्ये आला की हा दाब आणखी एका पायरीने वाढतो. मजूर सहकारी संस्थांना कामे देण्याचे धोरण मजुरांच्या हितासाठी आखलेले आहे. तेथेही नाव संस्थेचे आणि काम दुसऱ्याचे असा प्रकार झाला, तर जबाबदारीचा शेवटचा धागाही सुटतो.

खालून दाब येतो तो उधारीचा. २०२५ साली महाराष्ट्रभर कंत्राटदारांनी थकीत देयकांसाठी आंदोलने केली, हे सर्वविदित आहे. शासन कंत्राटदाराचे पैसे थकवते, कंत्राटदार पुरवठादाराचे थकवतो, पुरवठादार टिप्परवाल्याचे आणि मजुराचे. ज्याचे आठ महिन्यांचे पैसे अडकले आहेत, तो पुरवठादार नव्या मागणीला कोणती गिट्टी पाठवील? आणि ज्याच्याकडे उधारी आहे, तो कंत्राटदार कोणत्या तोंडाने गाडी परत पाठवील? धनकोने खराब माल पाठवला तरी ऋणको गप्प बसतो, हा व्यवहाराचा नियमच आहे. म्हणून पुरवठादार आणि कंत्राटदार यांच्यात संवाद वाढावा, असा नुसता उपदेश निष्फळ ठरतो. संवादाला समान पातळी लागते. सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा देशात २००६ पासून आहे. परंतु खुद्द शासनच मुख्य देणेकरी असताना हा कायदा खालच्या पायरीवर कोण पाळणार?

तिसरा दाब दिनदर्शिकेचा आहे. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते आणि पाऊस जूनमध्ये येतो. डांबरी कामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मे. यांपैकी पहिले महिने मंजुऱ्या, निविदा आणि कार्यादेश यांतच जातात. मग फेब्रुवारीपासून जिल्ह्यातील सर्व कंत्राटदार एकाच वेळी क्रशरच्या दारात उभे राहतात. पन्नास कामांची मागणी एकदम आली की चाळणी बदलण्यास सवड राहत नाही. ढिगात असेल ते भरून दिले जाते. आपल्या गरजेचे वेळापत्रक तीन महिने आधी कळवण्याची रीत असती, तर खाणींना साठा करता आला असता. परंतु कार्यादेशच हाती नाही, तर कंत्राटदार वेळापत्रक कशाचे देणार? माहितीची टंचाई वरूनच झिरपत येते.

यावर असे म्हटले जाईल, की तपासणीची यंत्रणा मुबलक आहे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत दर्जा-नियंत्रणाचे तीन स्तर आहेत. कंत्राटदारावर पाच वर्षांच्या देखभालीचे बंधन आहे. माहिती संगणकावर नोंदली जाते. ही योजना आधीच्या पद्धतीपेक्षा निश्चितच पुढची आहे, आणि तिच्या शिस्तीचा लाभ अनेक गावांना झाला आहे. परंतु राष्ट्रीय वा राज्यस्तरीय निरीक्षक कामाला भेट देतो ती अधूनमधून; गिट्टी मात्र रोज येते. पाच वर्षांचे बंधनही कंत्राटदारापाशी थांबते, खाणीपर्यंत पोहोचत नाही. शिवाय जिल्ह्यातील सर्वच रस्ते या योजनेखाली येत नाहीत. अन्य निधीतून होणाऱ्या लहान कामांवर नजर त्याहून विरळ असते.

याहून बोलकी विसंगती स्वामित्वधनाची आहे. खाणीतून किंवा नदीतून निघणाऱ्या गौण खनिजाच्या प्रत्येक गाडीला महसूल खात्याचा वाहतूक परवाना लागतो. ती गाडी कोठून निघाली, किती ब्रास माल घेऊन गेली, हे त्यावर नोंदलेले असते. कंत्राटदाराने स्वामित्वधन भरल्याचा पुरावा दिला नाही, तर ते त्याच्या देयकातून कापून घेतले जाते. म्हणजे दगडावरील आपला महसूल जेथून येतो ती वाट शासनाने व्यवस्थित बांधून काढली आहे. त्याच गाडीतील दगड रस्त्यास योग्य आहे की नाही, ही माहिती त्याच कागदावर यावी, असे मात्र कोणाच्या मनात आले नाही. राज्याला दगडाची किंमत कळते, गुण कळत नाही. महसूल खाते आणि बांधकाम खाते यांच्या दरम्यानची ही भिंत पुरवठादार आणि कंत्राटदार यांच्यातील अबोल्यापेक्षा कमी जाड नाही.

दर्जाची हेळसांड किती महागात पडते, हे भंडारा जिल्ह्याला कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली मान्यता मिळाली, तेव्हा त्याचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. तो पुढे अठरा हजार कोटींच्याही वर गेला. या प्रकल्पाच्या कालव्यांच्या कामाच्या दर्जावर शासनाने नेमलेल्या समितीनेच बोट ठेवले. पाणी यायच्या आधी अस्तर उखडले, तर ते सिमेंट कोणी पुरवले, रेती कोणत्या घाटाची होती, मिश्रण कोणाच्या देखरेखीखाली झाले, हे प्रश्न वर्षानुवर्षे चौकशीच्या कागदांत फिरत राहतात. नोंद त्या त्या दिवशी झाली असती, तर चौकशीला इतकी वर्षे लागली नसती.

भंडाऱ्याचा समाजवादी चळवळीशी जुना संबंध आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत येथील मतदारांनी अशोक मेहता यांना लोकसभेत पाठवले. पुढे याच अशोक मेहतांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ साली पंचायत राज्याविषयी आपला अहवाल दिला आणि दुर्बल घटकांसाठी ठेवलेला पैसा खरोखर त्यांच्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहण्यासाठी सामाजिक लेखापरीक्षणाची शिफारस केली. १९९४ च्या डिसेंबरात राजस्थानातील मजूर-किसानांच्या संघटनेने जनसुनवाईत हजेरीपट आणि बिले मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा त्या कल्पनेला देह मिळाला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तर एक विलक्षण हक्क दिला. नागरिकाला केवळ कागद पाहता येतात असे नाही. कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. या हक्काचा वापर जिल्ह्यातील ग्रामसभांनी रस्ता उखडल्यावर नव्हे, तर गिट्टीचा ढीग पडल्या दिवशी करावयास हवा.

काय करता येईल? पहिली गोष्ट, प्रत्येक कामाच्या करारात खाणीचे व रेतीघाटाचे नाव यावे, तेथील मालाची चाचणी काम सुरू होण्यापूर्वी व्हावी आणि खाण बदलली तर नवी चाचणी बंधनकारक असावी. दुसरी, प्रत्येक गाडीबरोबर तीन प्रतींची चिठ्ठी असावी: माल, आकार, निघाल्याची व पोहोचल्याची वेळ, देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही. एक प्रत पुरवठादाराकडे, दुसरी कंत्राटदाराकडे, तिसरी ग्रामपंचायतीकडे. नाकारलेल्या गाडीचीही नोंद व्हावी, म्हणजे एका कामावरून परतलेली गिट्टी दुसऱ्या कामावर मुकाट्याने उतरणार नाही. तिसरी, कंत्राटदाराला मिळणाऱ्या प्रत्येक देयकासोबत पुरवठादारांच्या देण्याचे विवरण मागावे, आणि ते देणे थकले असेल तर तेवढी रक्कम थेट पुरवठादाराच्या खात्यात जमा करावी. मात्र हे करण्याचा नैतिक अधिकार शासनाने आधी स्वतः वेळेवर पैसे देऊन मिळवावा. चौथी, दरवर्षी पावसाळा संपताच तालुकावार बैठक घेऊन बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, कंत्राटदार, खाणमालक आणि वाहतूकदार यांच्यासमोर हंगामाची गरज मांडली जावी. पाचवी, चाचणीची प्रयोगशाळा कंत्राटदाराच्या खर्चावर अवलंबून न राहता जिल्हा परिषदेच्या ताब्यात असावी आणि तिचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावेत. यांपैकी एकाही गोष्टीला प्रचंड निधी लागत नाही. लागते ती गुप्ततेतून मिळणारे लाभ सोडण्याची तयारी.

या साऱ्या चर्चेत आणखी एक आवाज हवा, जो बैठकांना कधी बोलावला जात नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, रस्ते केले. त्या घामातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा जन्माला आला. खडी फोडणारा हात दगडाचा कस कोणत्याही अहवालापूर्वी ओळखतो. आज क्रशरच्या धुळीत उभा असलेला मजूर, टिप्परचा चालक, डांबराच्या वाफेत फावडे चालवणारी स्त्री यांना माल खराब असल्याचे सर्वांत आधी कळते. पण सांगावे कोणाला, आणि सांगितल्यावर उद्याचा रोज मिळेल याची हमी काय? त्यांना संरक्षण आणि बोलण्याची जागा दिल्याखेरीज कोणतीही संवादव्यवस्था पुरी होणार नाही.

आणि रस्ता चांगला झाला तरी तो जपण्याचा प्रश्न उरतोच. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध चाचण्यांतून असे दिसले, की आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे सोळा पट होते. वैनगंगेची रेती घेऊन गावरस्त्यांवरून जाणारे अतिभारित टिप्पर हेच गणित रोज सोडवीत असतात. रस्त्यासाठी रेती पुरवणारी गाडीच रस्ता मोडीत निघते, याहून दुसरा उपहास कोणता? खाणीवर आणि घाटावर वजनकाटा नसेल, तर दर्जाच्या साऱ्या गोष्टी वाऱ्यावरच्या आहेत.

खराब रस्त्याची किंमत त्यावरून मोटारीतून जाणारा देत नाही. धानाची पोती खरेदी केंद्रावर नेणारा शेतकरी जादा भाड्याच्या रूपाने ती देतो. बाळंतपणासाठी ग्रामीण रुग्णालयाकडे निघालेली स्त्री वेदनेच्या रूपाने देते. पावसाळ्यात बस बंद झाली म्हणून शाळा बुडालेली मुलगी आपल्या भवितव्याने देते. ज्यांच्याजवळ देण्यासारखे सर्वांत कमी, त्यांच्याकडून ही वसुली सर्वांत सक्तीने होते. १९४३ साली येथून जवळच्या नागपुरात देशभरचे मुख्य अभियंते जमले आणि राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंत रस्त्यांची प्रतवारी लावणारी पहिली वीस वर्षांची योजना त्यांनी आखली. त्या यादीत गावरस्ता सर्वांत शेवटी होता. दर्जाच्या बाबतीत तो आजही शेवटीच आहे. तो पुढे आणावयाचा असेल, तर गिट्टीचा ढीग ही खाणवाला आणि कंत्राटदार यांची खाजगी बाब नसून ती गावाची मालमत्ता आहे, हे ग्रामसभेने पहिल्या गाडीपासूनच बजावले पाहिजे.